जरीची कुडती



कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीस बसून थोरल्या महाराजांचे चरित्र लिहिले, ते १६९७ च्या सुमारास. त्यात प्रतापगडाखालच्या भेटीचा प्रसंग येतो. भेटीला निघताना महाराजांनी काय काय अंगावर घातले हे सभासद मोजक्या शब्दांत सांगतो आणि त्यात 'जरीची कुडती' असे दोन शब्द येतात. पुढे खानाचे शस्त्र कुशीवर चालते, ते या कुडतीवरून खरखरत जाते आणि अंगाला लागत नाही.

सुरतेत वाढलेल्या मुलाला जर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. जुन्या शहरात कित्येक घरांच्या ओट्यांवर जरीचे फाळके फिरताना मी लहानपणी पाहिले आहेत. त्यामुळे शाळेत असताना हा मजकूर प्रथम वाचला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे सोनेरी बादल्याने चमकणारा लग्नातला अंगरखा उभा राहिला. वडिलांना मोठ्या अभिमानाने सांगितले, की महाराजांचा जीव आपल्या सुरतेच्या जरीने वाचवला. ते पेपर बाजूला न ठेवताच म्हणाले, "जर कधी कट्यार अडवते का रे?"

पुष्कळ वर्षांनी उलगडा झाला. फारसीत लोखंडी कड्यांच्या अंगरख्याला 'जिरह' म्हणतात. आपल्या 'जिरेटोपा'तला जिरे तोच. सोन्याला फारसीत 'जर', आणि त्यावरून आपली जर. दोन शब्दांचे कूळ वेगळे, पण मराठी कानाला आणि मोडी लेखणीला ते जवळचे. सभासदाची कुडती ही जिरहची कुडती होती, म्हणजे चिलखत, असे मी मानतो. कुणी म्हणेल की वर जरीचे कापड आणि आत चिलखत असे दोन्ही असेल. असेना का. शस्त्र ज्याच्यावरून खरखरले ते लोखंड होते, एवढे पक्के. मंदिलाखाली डोक्यालाही पोलादी टोपी होती, असे पुढचे इतिहासकार सांगतात.

तरीही लहानपणची ती चूक मला अगदीच वाया गेलेली वाटत नाही, कारण दोन्ही वस्तू एकाच कसबातून निघतात. लोखंडाची किंवा चांदीची कांब घ्यायची, भोके पाडलेल्या पोलादी पट्टीतून ओढायची, मग त्याहून लहान भोकातून ओढायची, आणि असे करत तार काढायची. चिलखत करणारा ती तार सळईवर गुंडाळून कापतो, कड्या पाडतो, प्रत्येक कडी चार कड्यांत ओवतो आणि तिची टोके चपटी करून बारीक रिवेट मारतो. सुरतेचा कारागीर सोन्याचा पत्रा चढवलेली चांदी केसाइतकी बारीक ओढतो, चेपून बादला करतो आणि रेशमावर गुंडाळतो. येवल्याच्या पैठणीच्या पदराला आपल्या गावाची जर लागते हे तुम्हांला ठाऊक आहेच. एका तारेने अंग राखायचे आणि दुसरीने मिरवायचे, असे म्हणावे तर तेही पुरते खरे नाही. चिलखतावर छातीला, पाठीला आणि दोन कुशींना मिळून चार पोलादी पत्रे बांधत. त्यांना 'चार-आईना' म्हणत, म्हणजे चार आरसे. ते घासूनपुसून लखलखीत करत आणि त्यांवर सोन्याची नक्षी बसवत. लढाईत नक्षीचा काय उपयोग? समोरच्याने पाहावे, हा.

डॉक्टर म्हणून एक गोष्ट मध्येच सांगतो. कड्यांचे चिलखत धार अडवते, मार अडवत नाही. तलवार घसरते, पण गदेचा किंवा जड घावाचा धक्का आत पोहोचतो. बरगडी मोडते, काळेनिळे होते, कातडी मात्र शाबूत. म्हणून आत कापूस भरलेला जाड अंगरखा घालत. जुन्या लढायांत वरून धडधाकट दिसणारी माणसे मागाहून कशी दगावली असतील, याचा अंदाज अपघातातले रोगी पाहिलेल्या कुणालाही येईल.

आता सुरतेकडे वळतो, आणि इथे मला जरा अवघडल्यासारखे होते. माझे आजोबा ताप्ती व्हॅली रेल्वेने खानदेशातून इथे आले. आम्ही मराठी बोलणारे जैन. सातवीत असताना इतिहासाच्या तासाला १६६४ चा प्रसंग आला. वर्गात आम्ही तीन मराठी मुले होतो. साऱ्या वर्गाने वळून आमच्याकडे पाहिले. मधल्या सुट्टीत एक मुलगा म्हणाला, "तमारा शिवाजीए अमारुं सुरत लूंट्युं." मी उत्तर शोधत होतो आणि त्याच वेळी मनात दुसरेच चालले होते, की ज्याचे घर लुटले गेले तो वीरजी वोरा तर जैन होता. म्हणजे मी कोणत्या बाजूचा? हा प्रश्न तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरात वेगळ्या शब्दांत निघाला असेल. आपण घरी एक गोष्ट सांगतो आणि शेजारी दुसरी सांगतात.

त्या जानेवारीत सुरतेच्या अंगावर काय होते ते पाहू. किल्ला होता, तापीकाठचा, खुदावंदखानाने १५४० नंतरच्या वर्षांत बांधलेला, आजही चौकात उभा असलेला. शहराभोवती धड कोट नव्हता. सुभेदार इनायतखान पाचशे शिपायांचा पगार घेत होता आणि शिपाई ठेवतच नव्हता, असे यदुनाथ सरकार लिहितात. मराठे जवळ आल्याची बातमी लागताच खान किल्ल्यात शिरला. पैसेवाल्यांपैकी ज्यांना जमले त्यांनी किल्लेदाराला लाच देऊन आत जागा मिळवली. बाकीचे शहर उघडे राहिले. महाराजांनी आधी निरोप पाठवला, की सुभेदाराने आणि हाजी सैद बेग, वीरजी वोरा, हाजी कासिम या तीन बड्या व्यापाऱ्यांनी येऊन खंडणी ठरवावी. उत्तर आले नाही. मग चार दिवस लूट आणि आग चालली.

सुरतेचे संरक्षण ज्याचे काम होते त्याने स्वतःपुरते दगडी चिलखत घातले आणि रयतेला वाऱ्यावर सोडले, हे मला लुटीइतकेच महत्त्वाचे वाटते. पण म्हणून दुसरी बाजू झाकायची नाही. गुरुवारी खानाचा एक तरुण वकील बोलणी करायला म्हणून आला आणि महाराजांवर खंजीर घेऊन धावला. पहारेकऱ्याने त्याचा हात तोडला, तरी तो वेगाने अंगावर येऊन आदळला आणि दोघे खाली पडले. महाराजांच्या अंगावर रक्त पाहून सैन्यात हाकाटी झाली, की राजांना मारले, कैद्यांना कापा. महाराज उठले आणि त्यांनी ती कत्तल थांबवली. पण इंग्रजांच्या नोंदीत असेही आहे, की त्यानंतर कैद्यांपैकी चार जणांची मुंडकी आणि चोवीस हात तोडले गेले. प्रतापगडाखाली राजांचा जीव चिलखताने राखला, सुरतेत पहारेकऱ्याच्या तलवारीने. आणि किंमत मोजली ती ज्यांच्या अंगावर काहीच नव्हते त्यांनी. बर्नियेच्या प्रवासवर्णनात आणखी एक नोंद आहे. कॅपुचिन पाद्र्यांचे घर आणि डचांच्या एका मृत दलालाचे घर मराठ्यांनी सोडून दिले, कारण तो दलाल दानशूर म्हणून नावाजलेला होता. मधल्या सुट्टीतल्या त्या मुलाला हे सारे एकत्र सांगायला हवे होते. ते मला तेव्हा माहीत नव्हते.

या प्रसंगाची एक शेपटी कपड्यांच्या इतिहासात मोडते. इंग्रज वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन याने आपली माणसे घेऊन वखार राखली होती. मराठे गेल्यावर इनायतखान बाहेर आला (लोकांनी त्याच्या तोंडावर छी-थू केली म्हणतात) आणि मदतीला आलेल्या मोगल फौजेच्या सरदाराने ऑक्झेंडनला मानाचा पोशाख, घोडा आणि तलवार देऊ केली. ऑक्झेंडन म्हणाला, या वस्तू शिपायाला शोभतात. आम्ही व्यापारी, आम्हांला व्यापारात सवलत द्या. बादशहाने पुढे व्यापाऱ्यांना वर्षभराची जकात माफ केली आणि इंग्रज-डचांना कायमची थोडी सूट दिली. आपण 'शिरपाव' म्हणतो तो मूळचा 'सर-ओ-पा', डोक्यापासून पायापर्यंतचा पोशाख. ऑक्झेंडनने तो नाकारला आणि जकातीची सूट घेतली. कोणते चिलखत जास्त टिकते हे त्या माणसाला बरोबर कळले होते.

लुटीनंतर औरंगजेबाने शहराला विटांचा कोट घातला. १६७० च्या ऑक्टोबरात महाराज पुन्हा आले तेव्हा तो कोट होता, पण तो राखायला जेमतेम तीनशे माणसे. उत्तराध्ययन सूत्राच्या नवव्या अध्ययनात मिथिलेचा राजा नमी दीक्षा घ्यायला निघतो आणि इंद्र ब्राह्मणाच्या वेषात येऊन त्याला सांगतो, की आधी नगराला तट, वेशी, खंदक करून मग जा. नमी उत्तर देतो, की श्रद्धा हेच माझे नगर आणि क्षमा हाच त्याचा तट. तिथेच चिलखताचा उल्लेख येतो, पण ते चिलखत आपल्या बाजूचे नाही. ते कर्माचे आहे आणि तपाच्या बाणाने भेदायचे आहे. उपाश्रयात हे ऐकताना मला हटकून इनायतखानाचा किल्ला आठवतो. आमचे महाराजसाहेब गोपीपुऱ्याच्या तापलेल्या रस्त्यावरून अनवाणी जातात. त्यांच्या अंगावर आणि पायात राखण करणारे काही नाही, हीच त्यांची रीत.

पायांचा विषय निघालाच आहे, तर सुरतेतलीच दुसरी हकिकत सांगतो. १८६२ च्या एप्रिलमध्ये इथल्या अदालतीत माणेकजी कावसजी एंटी नावाचे पारशी असेसर पायातले जोडे न काढता आत गेले. जोडे काढा, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला. प्रकरण वर्तमानपत्रांत आणि सरकारदरबारी गेले. त्याआधी १८५४ साली कलकत्त्याच्या सरकारने ठरवले होते, की ज्यांनी विलायती धाटणीचे बूट आणि मोजे घातले असतील त्यांनी ते काढायचे कारण नाही. देशी जोडा असेल तर मात्र बाहेर ठेवावा. पुढे तोच नियम इतर प्रांतांत आणि अदालतींत आला. म्हणजे चामडे तेच, पाय तोच, पण टाचेची आणि नाडीची तऱ्हा बदलली की माणसाचा दर्जा बदलला. या नियमाची चीड येते, आणि आपल्या शहाण्या आजोबा-पणजोबांनी कचेरीत जायला बूट का विकत घेतले असतील, हेही कळते. तो बूट काट्याकुट्यांपासून राखायला नव्हता, अपमानापासून राखायला होता.

याहून कडवट भाग गावगाड्यात घडत होता. दलितांनी वरच्या आळीतून जाताना पायात वहाण घालू नये, असा दंडक कितीतरी गावांत होता. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये परदेशात शिकून बडोद्याच्या नोकरीवर आले, तेव्हा त्यांना राहायला घर मिळाले नाही. पारशी खाणावळीतून त्यांना हाकलण्यात आले. आज गावोगावच्या पुतळ्यांत ते सूट आणि बूट घालून उभे आहेत. त्या बुटांकडे नुसती फॅशन म्हणून पाहणाऱ्याला वरचा दंडक माहीत नसतो.

फॅशनबद्दल मला फार सांगता येणार नाही. एवढे मात्र तुम्हीही वाचले असेल, की २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाच्या मॉडेलांनी हुबेहूब कोल्हापुरीसारख्या चपला घातल्या आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. आपल्याकडे ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. आमच्या घरात चामडे येत नसल्याने मी ती चप्पल कधी घातली नाही. पण शेतात आणि माळावर चालायला केलेली वस्तू श्रीमंताच्या पायात गेल्यावर तिची किंमत कशी फुगते, हे जरीच्या गावात राहणाऱ्याला नवल वाटण्यासारखे नाही.

खेळात गोष्ट उलटी झाली. मोहन बागानने १९११ साली ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकले, तेव्हा त्यांच्या अकरा जणांत एकाच्याच पायात बूट होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला आपले बहुतेक फुटबॉलपटू अनवाणीच खेळले, आणि फ्रान्सकडून २-१ असे हरले. त्या अनवाणी पायांचे आपण फार कौतुक करतो. मला त्या पायांची बोटे दिसतात. घोट्यावर विलायती बुटाचा फटका बसला की काय होते, ते कौतुकाने बरे होत नाही.

क्रिकेटचे उदाहरण अधिक जवळचे आहे. नरी कॉन्ट्रॅक्टर मूळ आपल्या गुजरातचे. गोध्र्याला जन्मलेले, आणि गुजरातकडून पहिल्याच प्रथमश्रेणी सामन्यात दोन्ही डावांत शतके करणारे. मार्च १९६२ मध्ये ब्रिजटाऊनला चार्ली ग्रिफिथचा चेंडू त्यांच्या डोक्यावर आदळला. पायाला पॅड होते, हाताला ग्लव्ह्ज होते, पण डोक्याला काही नव्हते, कारण तेव्हा ते कुणीच घालत नसे. कवटी फुटली. वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल याने रक्त दिले. आपल्या बापू नाडकर्णी, चंदू बोर्डे आणि पॉली उम्रीगर यांनीही दिले. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. त्यांच्या डोक्यात धातूची पट्टी बसवावी लागली, ती २०२२ मध्ये काढली. चिलखत बाहेर नव्हते म्हणून साठ वर्षे आत वागवले. त्याच ब्रिजटाऊनच्या मैदानावर मार्च १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहम यॅलप कसोटीत हेल्मेट घालून उतरला, तर प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. मधली सोळा वर्षे फलंदाज उघड्या डोक्याने खेळत राहिले ते साधन करता येत नव्हते म्हणून नव्हे, भित्रा दिसू नये म्हणून. आपल्या सुनील गावसकरांनी पुढे युक्ती काढली. हेल्मेट घातले नाही, पण टोपीखाली फायबरग्लासची कवटीटोपी बसवली. मंदिलाखालची पोलादी टोपी आठवली का?

या सगळ्याकडे मला पुन्हा वळवले ते अकरा वर्षांच्या नातवाने. त्याला मोबाइलवर लढाईचा तो प्रसिद्ध खेळ खेळायला रविवारी अर्धा तास मिळतो. (२०१९ मध्ये राजकोट पोलिसांनी पब्जीवर बंदी घातली होती, त्याच्या आईला तो आदेश अजून पाठ आहे.) मी शेजारी बसून प्रश्न विचारतो, म्हणजे वेळ संपला हे त्याच्या लक्षात येत नाही. त्या खेळात व्हेस्टच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली गोळीचा मार तीस टक्के कमी करते, दुसरी चाळीस, तिसरी पंचावन्न. प्रत्येक गोळीबरोबर व्हेस्ट झिजत जाते आणि शेवटी निकामी होते. पायातले बूट मात्र निव्वळ दिसण्यासाठी. हिशेबात त्यांना काही किंमत नाही, पण दुकानात आहे. खरे पैसे मोजून विकत घेतात. मला सर-ओ-पा आठवला. 'एज ऑफ एम्पायर्स' नावाच्या जुन्या खेळात तर चिलखताचे दोन वेगळे आकडे असतात, एक हातघाईच्या घावासाठी आणि एक बाणासारख्या भोसकणाऱ्या माराला. ज्याने हे केले त्याने संग्रहालयात चिलखत नीट पाहिले असणार.

गेल्या रविवारी त्याला सभासदाची गोष्ट सांगितली, जर आणि जिरहचा घोळसुद्धा. त्याने खेळ थांबवला, हे विशेष.

"आजोबा, ती कुडती कितव्या लेव्हलची होती?"

"लेव्हल नसते रे. कड्या असतात."

"मग खानाने मारल्यावर ती किती टक्के राहिली?"

मी म्हटले, दोन-चार कड्या तुटल्या असतील. तुटली तेवढीच कडी काढून नवी ओवायची आणि रिवेट मारायचे. जरीचा धागा तुटला तरी आपल्याकडे तेवढाच जोडतात. त्याने थोडा विचार केला. मग त्याने विचारले की कैद्यांचे हात तोडले त्या दिवशी सुरतेत चिलखत कुणाकुणाकडे होते, आणि मी त्याला किल्ल्यापासून सुरुवात करून सांगू लागलो.